कर्ण्यांचा जिना

माझ्या आत्याला हाक मारली तर ती ‘ओ’ देत नाही. हाताशी जे असेल त्यावर बोटाच्या पेरानं टकटक करते. दोनदा टकटक म्हणजे ऐकलं. तीनदा म्हणजे येते. एकदाच आणि सावकाश म्हणजे आत्ता नको, डोक्यात काहीतरी वाजतंय. आईचं म्हणणं असं की जगात बायकांना नणंदा मिळतात, मला तारऑफिस मिळालं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. घरामागच्या गॅरेजात ती ड्रम बनवते. त्यामुळे आमची गाडी उन्हापावसात बाहेर उभी असते आणि ड्रम सावलीत बसतात. रविवारी गाडी धुताना बाबा त्या गाडीशीच मुद्दाम मोठ्यानं बोलतात, आतपर्यंत ऐकू जावं म्हणून. काय करणार बाई, तू आणि मी दोघं या घरात बाहेरचेच. आतून एक सावकाश टक येते. बाबा समजायचं ते समजतात आणि काच पुसायला लागतात.

ड्रम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोल डबा येतो. आत्याला डब्यांत रस नाही. फार वर्षांपूर्वी कोणाकोणाच्या डोक्यात किडा वळवळला आणि त्यांनी भलत्याच आकाराचे ड्रम काढले, थोडी वर्षं खपवले आणि दुकानं बंद केली. तसले ड्रम आता मिळत नाहीत. मिळाले तर तडकलेले, नाहीतर कोणाच्या तरी गच्चीत, माती भरून. आत्या तेच नव्यानं बनवते. एकदा तिनं चौकोनी ड्रमचा अख्खा सेट केला होता. कसा वाजतो विचारलं तर म्हणाली, बरा आहे, पण कोपऱ्यात आवाज रुसून बसतो.

तिचा खरा जीव कर्ण्यांवर. कर्ण्याचा ड्रम असा असतो: वरून बघाल तर नेहमीसारखा गोल, त्यावर कातडी ताणलेली. पण खाली तो संपत नाही. लांबत जातो, वळतो, समोरच्या माणसांकडे तोंड करतो आणि एखाद्या फुलासारखा उमलतो. आवाज जमिनीत का मुरवायचा, लोकांच्या अंगावर का सोडू नये, असा त्या काळी कोणीतरी विचार केला. विचार छानच होता, पण हे ड्रम एकात एक बसत नाहीत, कुठल्या पेटीत मावत नाहीत आणि जिन्यावरून नेताना कठड्याला अडकतात. त्यामुळे वाजवणाऱ्यांच्या पाठी मोडल्या आणि बनवणाऱ्यांची हौस.

दुपारी गॅरेजात जाऊन उभं राहावं. छपराला एक पिवळट प्लास्टिकचा पत्रा आहे, त्यातून येणारं ऊन मधासारखं जाड होऊन खाली उतरतं. त्यात काचेच्या कापडाची बारीक धूळ तरंगत असते, पडू की नको असा विचार करत. वाशांना आत्याचे आधीचे कर्णे उलटे टांगलेले आहेत. दारात वारा आला की ते अगदी हळू घुमतात, झोपेत कूस बदलल्यासारखे. मी नुसतं ‘हं’ म्हटलं की तेवढी सगळी तोंडं मला ‘हं’ म्हणतात. मी घरातल्या प्रत्येकाची नक्कल करते, आईची तर फोनवरची आणि फोन ठेवल्यानंतरची अशा दोन. पण माझी नक्कल करणारं घरात एवढंच.

फायबरचं काम आत्याला होडीवाल्यांनी शिकवलं. धक्क्याजवळ त्यांचा होड्यांचा कारखाना आहे. ते प्रत्येक वाक्य ‘नाही म्हणजे’नं सुरू करतात, ज्याला कोणी नाही म्हटलेलं नसतं तेही. नाही म्हणजे, होडी फुटली तर माणूस ओरडतो, तुमचा ड्रम फुटला तर कोण ओरडणार, असं पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं. तरी शिकवलं मन लावून. मूळ वस्तूला मेण चोळायचं. त्यावर राळ आणि काचेचं कापड यांचे थर चढवायचे. ते वाळून कडक झाले की सुटून आलेलं कवच म्हणजे साचा. मग त्या साच्यातून हव्या तेवढ्या नव्या वस्तू काढायच्या. सगळी मेख मेणात. मेण नीट असेल तर साचा टक् करून सुटतो. नसेल तर राळ मूळ वस्तूला अशी धरते की मुंगळा परवडला.

मेणाचे हात बरेच द्यावे लागतात. प्रत्येक हात वाळू द्यायचा, घासून चकचकीत करायचा, मग पुढचा. बाकीचे लोक हात मोजतात. आत्या मोजत नाही. ती तोंडातल्या तोंडात एक ठेका धरते, ठेक्याच्या एका फेरीत एक हात पुरा होतो, आणि फेऱ्या पुऱ्या झाल्या की ठेका आपोआप समेवर येऊन थांबतो. तिचं आजवर कधी चुकलं नव्हतं. होडीवाले म्हणायचे, नाही म्हणजे, माझे कामगार हात मोजून चुकतात, ही गाऊन चुकत नाही.

तर अशा आत्याकडे एके दिवशी ठेकाकाका आले. चादरीत गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलं होतं. उमेदीत ते नाचाच्या हॉलमध्ये आणि प्रवासी जहाजांवर ड्रम वाजवायचे. पुढे शिकवण्या केल्या, त्या शिकवण्यांतल्या पोरांनी हे नाव ठेवलं. ते मोठ्यानं बोलतात आणि शेवटचा शब्द दोनदा म्हणतात, जणू पहिल्यांदा स्वतःलाच ऐकू आला नसावा. चादर उघडून म्हणाले, हा शेवटचा. शेवटचा.

फिकट नारिंगी रंगाचा कर्ण्याचा ड्रम होता, मधल्या मापाचा. असे चार होते त्यांच्याकडे, लहानापासून मोठ्यापर्यंत. घरं बदलता बदलता तीन गेले. एक कोणीतरी उसना नेला तो नेलाच. एक ट्रकखाली आला. सर्वांत मोठ्यात एका घरमालकानं झाड लावलं, आणि काका मागायला गेले तेव्हा झाडानं मुळांनी तो आतून उकलला होता. त्या चारांवरून लहानाकडून मोठ्याकडे काठ्या उतरत आणल्या की जो आवाज व्हायचा, त्याला ते जिना म्हणायचे. हॉलमधली माणसं त्या जिन्यावरून खाली उतरायची, असं ते सांगत होते, आणि सांगताना हातानं हवेत पायऱ्या दाखवत होते. आता एकाच पायरीचा जिना उरला होता.

आणि कान जात होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वर्ष सरेपर्यंत नुसता घुमारा उरेल, ऐकायचं ते आताच ऐकून घ्या. दुसरा कोणी असता तर बायको-मुलांचे आवाज ऐकत बसला असता. काकांचं म्हणणं, ते तर रोजच ऐकतो, मला जिना ऐकायचाय. जिना.

आत्यानं टेबलावर तीनदा टकटक केली.

आधी तिनं नुसत्या मापांवरून एक करून बघितला. आकार झकास आला. काकांनी त्यावर एकच काठी मारली आणि कोणाचं मन न दुखावता खरं बोलायचा प्रयत्न करत म्हणाले, बादली. आत्यानं आणखी एक केला. तीही बादली, जरा बरी. तेव्हा ठरलं की मूळ ड्रमवरूनच साचा घ्यायचा. मधला नेमका हाती आला की त्यावरून लहानमोठे काढता येतील.

साचा दोन फाकांत करायचा होता, शेंगेसारखा. उजव्या बाजूला आत्यानं मेण दिलं, ठेका धरून, अगदी रीतसर. डावी बाजू घेतली तेव्हा काका तिथेच स्टुलावर बसले होते. जहाजावरच्या गोष्टी सांगत होते आणि सांगता सांगता बोटं टेबलावर चालली होती. आम्हीसुद्धा सगळं सोडून ती बोटंच बघत होतो. पाऊस दूरवरून येत येत अंगणात शिरावा तसा तो ठेका यायचा. आत्याचा स्वतःचा ठेका केव्हा सुटला आणि तिचा हात काकांच्या ठेक्यावर केव्हा चालायला लागला, ते तिलाही कळलं नाही. काकांचा ठेका लवकर समेवर आला. आत्याचा हात थांबला. तिनं फडकं खाली ठेवलं, समाधानानं.

जगात दुसऱ्या कोणाच्या हातून अशी चूक झाली नसती. ज्याला गाता येत नाही त्यानं हात मोजले असते.

थर चढवले, वाळले. सोडवायच्या दिवशी होडीवालेही आले होते. उजव्या फाकेत आत्यानं लाकडी पाचर घातली, हलकेच ठोकली, आणि टक्, फाक सुटली. आतला भाग आरशासारखा. होडीवाले म्हणाले, नाही म्हणजे, वा. मग डावी. पाचर. ठोक. काही नाही. कडेनं पाणी सोडून पाहिलं. काही नाही. आत्यानं पेरानं साच्यावर वाजवलं, मग ड्रमवर, आणि दोन्हीकडून एकच आवाज आला, एकाच वस्तूचा. ड्रम डाव्या फाकेत पाळण्यातल्यासारखा निजला होता आणि उठायचं नाव घेत नव्हता.

होडीवाल्यांनी बराच वेळ हात फिरवून पाहिला. मग पहिल्यांदाच ‘नाही म्हणजे’ न लावता बोलले. “ताई, दोन्हींतलं एकच वाचेल.”

साचा खरवडून काढायचा तर तो नखानं काढल्यासारखा काढावा लागणार, कारण आतला ड्रम अंड्याच्या कवचासारखा. त्यात वर्ष जाणार, ड्रमचा बाहेरचा पापुद्रा निघणार, तो भरून पुन्हा साचा घ्यायचा. तोवर काकांच्या कानांत घुमारा. उलट ड्रम आतून कापून काढला तर साचा वाचेल आणि काम पुढे चालू होईल. पण मग मूळ ड्रम म्हणून जगात काही उरणार नाही.

त्या संध्याकाळी घरात आत्याला चार वेळा हाका मारल्या, कुठूनच टकटक आली नाही. आईनं तिच्या खोलीच्या दाराशी चहा ठेवला, तो गार झाला. बाबा गाडीपाशी गेले, तोंड उघडलं आणि काही न बोलताच परत आले. मग दारातूनच बहिणीला म्हणाले की एवढ्यात काकांना सांगू नकोस, बघू काही जमतं का. आत्यानं मान हलवली, नाही अशी.

दुसऱ्या दिवशी काका आले. आत्या गॅरेजच्या मधोमध उभी राहिली. ती मुळातच हळू बोलते, त्यात हे बोलायचं.

“काका, मेण कमी पडलं.”

“काय पडलं?”

“मेण. माझं चुकलं.”

“चुकून पडलं? कुठे पडलं? लागलं का तुला?”

मला एरवी हसू आवरलं नसतं. पण आत्यानं डोळे मिटले, श्वास घेतला आणि जन्मात कधी ओरडली नव्हती तशी ओरडली, “मेण कमी लागलं! ड्रम अडकलाय! माझी चूक आहे!”

वरचे कर्णे घुमले आणि तिची चूक तिला पुन्हा ऐकवून गप्प झाले. समोरच्या घराची खिडकी उघडली. काकांना मात्र आता नीट ऐकू आलं होतं. ते उठले, साच्याजवळ गेले आणि ड्रमवर तळवा ठेवून उभे राहिले, ताप बघतात तसे. मग त्यांनी दोन्ही वाटा विचारून घेतल्या. आत्यानं सगळं सांगितलं, काही न लपवता, मोठ्यानं.

“म्हणजे हा वाचला तर ऐकायला मी नाही,” ते म्हणाले. “मी असेन. कान नसतील. नसतील.”

त्यांचा तळवा अजून ड्रमवरच होता.

“पोरी, हा माझ्या कपाटावर किती वर्षं बसून होता माहितीये? रोज बघायचो. ड्रम काय बघायचा असतो? काप त्याला.”

“माझा हात नाही उठणार, काका.”

“मग मी वाजवतो. माझं झालं की तू सुरू कर.”

त्यांनी काठ्या आणल्या नव्हत्या. बोटांनीच वाजवायला लागले. अर्ध्या साच्यात निजलेल्या त्या ड्रममधून आवाज जाड येत होता, कोणीतरी उशीत तोंड खुपसून गुणगुणावं तसा. आधी सावकाश, मग आणखी सावकाश. पत्र्यातलं ऊन फरशीवरून भिंतीकडे सरकत होतं, धूळ त्या ठेक्यावर वर-खाली होत होती की मलाच तसं वाटत होतं कोण जाणे. बाबा दारात येऊन उभे होते, हातात ओला फडका, तो ठिबकत होता आणि तोही लयीत. काकांनी शेवटी एकच बोट वाजवलं. ते घुमून घुमून विरलं. मग ते स्टुलावर जाऊन बसले.

आत्यानं चष्मा चढवला आणि ग्राइंडर उचलला.

त्या यंत्राचा आवाज म्हणजे दातांच्या डॉक्टरकडे शंभर पेशंट एकदम. आम्ही सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. काका आरामात बसले होते. म्हणाले, आज पहिल्यांदा या कानांचा उपयोग झाला. झाला.

कलिंगडाच्या फोडी काढाव्यात तशा आत्या एक एक फोड सोडवत होती. तिसरी-चौथी फोड असेल. ती उचलून बाजूला ठेवायची, तर आत्या तशीच थांबली. ग्राइंडर बंद केला. फोडीची कापलेली कड उजेडाकडे धरली. मग होडीवाल्यांना दाखवली. ते डोळे बारीक करून बघत राहिले.

वर, कातडी ताणतात तिथे, काचेच्या कापडाचे भरपूर थर होते. वळणाच्या जागी कापड तिरकं घातलेलं. आणि तोंडाशी, फूल उमलतं तिथे, एकच थर, पापडासारखा. आत्यानं तिचे दोन्ही ड्रम कातडीपासून तोंडापर्यंत एकाच जाडीचे केले होते, होड्या करतात तसे. होडीवाले जरा ओशाळून म्हणाले, नाही म्हणजे, पाणी काय सांगून येतं होय, होडी सगळीकडून सारखीच लागते. पण ड्रमला तोंडाशी थरथरायला हवं होतं. म्हणून बादली. बाहेरून किती मापं घेतली असती तरी हे दिसलं नसतं.

आत्यानं ती फोड ओठांजवळ नेऊन तिच्यावर फुंकर मारली. मग पेरानं वाजवली. मग टेबल वाजवलं, स्टूल वाजवलं, साच्याची कड वाजवली, होडीवाल्यांच्या डब्याचं झाकण वाजवलं. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं की एवढ्या हाका कोणी मारल्या हिला.

पुढचे आठवडे मला एका लांबलचक दुपारसारखे आठवतात. साचा घासून पुन्हा चकचकीत झाला, आणि त्याच्या मापांवरून बाकीच्या तिघांचे लहानमोठे साचेही झाले. आत्या आता मेणाला बसली की गॅरेजचं दार लावून घ्यायची आणि काकांना सक्त मनाई असायची. ते बाहेर आमच्या गाडीच्या बॉनेटवर वाजवत बसायचे, आणि बाबा गाडीच्या वतीनं ते ऐकून घ्यायचे. रंगावरून वाद झाला. काका म्हणत फिकट नारिंगी, इतकी वर्षं तोच बघितलेला. आत्यानं फोडीची ती कड दाखवली जी कातडी आवळणाऱ्या लोखंडी रिंगेखाली दडली होती, जिथे ऊन पोचलंच नव्हतं. तिथे रंग असा भडक होता की आई म्हणाली, हे तर गाजर. काका बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. म्हणाले, हो, असेच होते ते, मी विसरलोच होतो. मग गाजर ठरलं. एक एक करून चार ड्रम साच्यांतून सुटले, प्रत्येक वेळी टक्, आणि भिंतीशी ओळीनं तोंडं करून वाळत उभे राहिले. संध्याकाळी दिवा न लावता गेलं तर वाटायचं, बागेत आलो, आणि बागच आपल्याकडे बघतेय.

शेवटी सगळे स्टँडवर चढले, कातड्या ताणल्या गेल्या. त्या दिवशी काका शर्ट इस्त्री करून आले. बसले. काठ्या हातात घेतल्या आणि मांडीवर ठेवल्या. आत्या कामाच्या टेबलाला टेकून उभी होती आणि तिनं टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की पेरं पांढरी दिसत होती. काका आले तेव्हा दारातून बाबांनी तीनदा हाक मारली होती, ती त्यांना ऐकू गेली नव्हती. चौथ्यांदा खांद्याला हात लावावा लागला होता. हे आत्यानं बघितलं होतं, आम्ही सगळ्यांनीच बघितलं होतं, आणि कोणी एकमेकांकडे बघत नव्हतं.

काकांनी काठ्या उचलल्या. लहानापासून सुरुवात केली. मग दुसरा, मग तिसरा, आणि मोठा. एकदा अडखळत. मग पुन्हा. मग असं काही उतरत आले की माझे पाय जमिनीवर असून मी खाली खाली चालले होते, एकेक पायरी मऊ, आणि खाली कुठेतरी कोणीतरी दिवे लावून ठेवले होते. वाशांवरचे सगळे कर्णे जागे झाले. पत्रा थरथरला. होडीवाल्यांचं तोंड उघडं राहिलं, आणि ‘नाही’पण नाही नि ‘म्हणजे’पण नाही.

काका थांबले. मान खाली.

आत्या पुढे झाली. “काका?” तिनं मोठ्यानं विचारलं. “ऐकू आलं?”

त्यांनी मान वर केली. कपाळाला आठ्या होत्या.

“तिसरा किंचित उतरलाय,” ते म्हणाले.

“काय?”

“तिसरा, तिसरा. केसभर खाली बोलतोय. तुला ऐकू येत नाही का?”

आत्यानं वाकून तिसरा वाजवला, मग दुसरा, मग पुन्हा तिसरा. मला तर काहीच कळलं नाही, आणि माझे कान आमच्या शाळेत नावाजलेले आहेत. पण आत्याचा चेहरा हळूहळू उघडत गेला. उतरलेला होता. खरंच, केसभर.

तिनं किल्ली काढली, रिंगेच्या स्क्रूवर बसवली आणि जेमतेम हलवली. काका ड्रमवर वाकले होते, कान अगदी कातडीपाशी, आणि तक्रार चालूच होती की हल्लीच्या मुलांना काम पुरं करायची सवय नाही, अजून जरा, अगं घाई नको, अजून. आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. काकांनी काठीचं टोक तिसऱ्यावर टेकवलं, ऐकलं, मान डोलावली आणि तिला हातानंच बाजूला सारून जिना पुन्हा वरून सुरू केला.